बदलते ताट, बदलते कष्ट : बुलढाणा जिल्ह्यातील वाढता लठ्ठपणा

शरीरात गरजेपेक्षा जास्त चरबी साठून तिच्यामुळे आरोग्याला धोका निर्माण झाला, की त्या अवस्थेला लठ्ठपणा म्हणतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वी भारतात हा शहरातल्या पैसेवाल्यांचा आजार समजला जाई. आता तो तालुक्याच्या गावी आणि तिथून खेड्यापर्यंत पोहोचला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील १२.६ टक्के स्त्रिया आणि ९.३ टक्के पुरुष अतिवजनी किंवा लठ्ठ होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण स्त्रियांत २४ आणि पुरुषांत २२.९ टक्के झाले. महाराष्ट्रात ते अनुक्रमे २३.४ आणि २४.७ टक्के आढळले. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश निघाल्या आणि ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. विकसनशील देशातला लठ्ठपणा भुकेची जागा घेत नाही, तो तिच्या शेजारी येऊन राहतो. कधीकधी तर दोघे एकाच घरात नांदतात.

हा बदल कसा घडतो, हे समजून घ्यायला विदर्भाच्या पश्चिम टोकाचा बुलढाणा जिल्हा उपयोगी आहे. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख ८६ हजार होती आणि पाचांतली जवळजवळ चार माणसे खेड्यात राहत होती. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. आणि उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्ती असलेले जळगाव जामोद व संग्रामपूर. कापूस आणि सोयाबीन ही इथली मुख्य नगदी पिके. मोठा कारखानदार वर्ग नाही, महानगर नाही. अशा जिल्ह्यातही पोटाचे घेर वाढत असतील, तर त्याची कारणे माणसांच्या जिभेपेक्षा शेतात, बाजारात आणि रूढीत शोधावी लागतात.

मोजमाप आणि भारतीय शरीर

वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले, की देहभार निर्देशांक मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो २५ च्या पुढे गेला तर अतिवजन आणि ३० च्या पुढे गेला तर लठ्ठपणा. भारतीयांत मात्र कमी वजनातच मधुमेह व हृदयविकार सुरू होतात, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये या सीमा २३ आणि २५ अशा खाली आणल्या. कमरेचा घेर हे आणखी सोपे माप आहे. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर पोटाच्या पोकळीत घातक चरबी साठल्याची ती खूण मानतात. हातपाय बारीक आणि पोट पुढे आलेले, हा बांधा इथे सर्रास दिसतो. तो निरुपद्रवी नाही, हे या मापाने कळते.

या बांध्याचे कोडे महाराष्ट्रातच उलगडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे वजनाने इतकी कमी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. घटले होते ते स्नायू आणि अवयव. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती.

या संशोधनाचा सामाजिक अर्थ खोल आहे. आई गरोदरपणी अर्धपोटी राहिली, तर पोटातले बाळ टंचाईच्या हिशेबाने घडते. मिळेल ते साठवून ठेवण्याची सवय त्याच्या शरीराला जन्माआधीच लागते. पुढे तेच मूल मोठे होऊन मुबलक तेल-साखरेच्या आणि कमी कष्टाच्या जगात आले, की ती साठवण त्याच्यावर उलटते. दुष्काळी भागातल्या आयांची उपासमार अशा रीतीने मुलांच्या चाळिशीत मधुमेह होऊन बाहेर पडते. तेव्हा आजच्या लठ्ठपणाचे एक मूळ कालच्या कुपोषणात आहे.

भुकेची आठवण

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या ग्रामीण मनातून अजून गेलेला नाही. खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. रोजगार हमी योजनेचा पाया त्याच काळात घातला गेला. ज्या पिढीने हे भोगले, तिने पुढच्या पिढ्यांना अन्नाविषयीचे संस्कार दिले. ताटात टाकू नये, पाहुण्याला आग्रह करावा, मूल जेवले नाही तर जिवाला घोर लागावा, असे ते संस्कार. टंचाईच्या काळात ते जीव वाचवणारे होते.

त्याच अनुभवातून भरलेल्या अंगाला मान मिळाला. जो माणूस खात्यापित्या घरचा, तो अंगानेही तसाच दिसावा, अशी अपेक्षा असते. सासरहून पहिल्यांदा माहेरी आलेल्या मुलीचे वजन वाढलेले दिसले की आईला समाधान वाटते आणि ती वाळलेली दिसली तर शंका येते. क्षयरोगाने आणि पुढे एड्सने कृशपणाला भीतीची छाया दिली. अचानक बारीक झालेल्या माणसाला लोक आजारी समजतात. मधुमेहाच्या रुग्णाने आहार सांभाळून वजन उतरवले, तरी गावातले चारजण ‘तब्येत उतरली’ म्हणून हळहळतात आणि त्याचा निर्धार ढिला पडतो.

शेतातून गेलेली ज्वारी

वऱ्हाडच्या जेवणाचा कणा ज्वारीची भाकरी होती. सोबत पिठले किंवा वरण, ठेचा, अंबाडीची किंवा तुरीच्या शेंगांची भाजी, कधी कळण्याची भाकरी. शेतात ज्वारी आणि कापसाच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद, चवळी, तीळ, अंबाडी अशी घरच्यापुरती पिके घेतली जात. १९९० नंतर सोयाबीन झपाट्याने पसरले. ते तीन-साडेतीन महिन्यांत निघते, रोख पैसा देते आणि त्याच शेतात रब्बीत हरभरा घेता येतो. ज्वारीच्या मागे मात्र अडचणी लागल्या. काढणीच्या वेळी पाऊस आला की दाणा काळा पडतो. रानडुकरे आणि रोही उभे पीक झोपवतात, पाखरे राखायला माणूस मिळत नाही आणि भावही नाही. ज्वारीचा कडबा बैलांसाठी लागे. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या घटल्या आणि कडब्यासाठी ज्वारी पेरण्याचे कारणही उरले नाही. दावणीची जनावरे कमी झाली तसे घरचे ताक-दूधही आटले.

तणनाशकांचा परिणाम याहून कमी लक्षात येतो. निंदण करताना बाया बांधावरून आणि पिकांतून तरोटा, चिवळ, घोळ, तांदुळजा अशा रानभाज्या ओटीत घेऊन येत. तणनाशकाच्या फवाऱ्याखाली त्या भाज्या गेल्या आणि पावसाळ्यात फुकट मिळणारा चोथा, लोह आणि जीवनसत्त्वे ताटातून उणी झाली.

तेलाचे चित्र आणखी विसंगत आहे. हजारो शेतकरी सोयाबीन हे तेलबियांचे पीक पिकवतात, पण ते सारे बाजार समितीत जाते आणि शेतकरी तेल विकत आणतो ते पिशवीतले. पूर्वी तीळ, जवस, करडी, भुईमूग यांचे तेल गावच्या घाण्यावर गाळले जाई. तेल महाग आणि थोडे असल्याने ते पळीने मोजून वापरले जाई. १९९० च्या दशकात आयात खुली झाल्यावर पामतेल स्वस्त झाले आणि तळण ही रोजची गोष्ट झाली. निती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशातला खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलो सांगितला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची शिफारस सुमारे १२ किलोची आहे.

रेशन आणि पोळी

सार्वजनिक वितरण व्यवस्थेने भूक मागे हटवली, हे तिचे मोठे काम. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. बुलढाणा हा शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांपैकी एक. या जिल्ह्यांत २०१५ पासून केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांनाही स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागला. २०२३ मध्ये त्याऐवजी थेट रोख रक्कम देण्याचा निर्णय झाला. पण तोवर, ज्या घरी पूर्वी स्वतःच्या शेतातली ज्वारी कणगीत असे, त्या घरी गहू आणि तांदूळ मुख्य अन्न झाले होते.

गहू वाईट आणि ज्वारी औषध, असा याचा अर्थ नाही. गरजेपेक्षा जास्त खाल्लेली भाकरीही चरबीच वाढवते. फरक पडतो तो धान्यासोबत बदलणाऱ्या सवयींमुळे. भाकरीला तेल लागत नाही. पोळीच्या घडीत ते जातेच, आणि पुरी-पराठ्यात त्याहून अधिक. भाकरी चावून खावी लागते आणि तिने पोट लवकर भरते. पांढरा तांदूळ भराभर संपतो आणि भूक पुन्हा लवकर लागते. पोळी सकाळी करून डब्यात देता येते, संध्याकाळपर्यंत मऊ राहते. भाकरी ताजीच बरी लागते. शेतावर, शाळेत, दुकानात जाणाऱ्या घराला पोळी सोयीची वाटते. भाकरी थापण्याचे कसबही अनेक घरांत मुलींपर्यंत पोहोचलेले नाही. धान्य बदलले की स्वयंपाकाची सगळी रीत बदलते ती अशी.

ताटातल्या धान्याचा निर्णय गावाबाहेर गेल्याची जाणीव जानेवारी २०२५ मध्ये वेगळ्याच कारणाने झाली. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके तपासणीसाठी आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमच्या वाढलेल्या प्रमाणाकडे बोट दाखवले. लठ्ठपणाशी या घटनेचा संबंध नाही. पण आपण खातो ते धान्य कुठल्या मातीतले, हा प्रश्न गावोगाव पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला.

पाच रुपयांची पुडी

शेगाव स्थानकावरची कचोरी मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या प्रवाशांनी प्रसिद्ध केली. ती प्रवासातली, क्वचित खाण्याची वस्तू होती. आज कचोरी, समोसा, आलूपोहे, भजी प्रत्येक बसस्थानकावर आणि फाट्यावर सकाळपासून मिळतात. सकाळची न्याहारी घराबाहेर करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पदार्थ तोच आहे, वाढली आहे ती वारंवारता.

त्याहून खोल शिरकाव पाकीटबंद मालाने केला आहे. ज्या वस्तीवर एस.टी. दिवसातून एकदा येते, तिथल्या किराणा दुकानातही चिप्स, कुरकुरे, क्रीमची बिस्किटे आणि रंगीत पेये पाच-दहा रुपयांत टांगलेली असतात. मजुरीहून परतणाऱ्या आईला मुलासाठी केळ्यापेक्षा पुडी आणणे सोपे पडते. ती नासत नाही, किंमत ठरलेली असते आणि मूल हट्ट करत नाही. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण कुटुंबांच्या एकूण मासिक खर्चातील ९.६ टक्के वाटा पेये आणि तयार खाद्यपदार्थांवर जातो. शहरांत तो १०.६ टक्के आहे. ग्रामीण आणि शहरी चवीतले अंतर किती घटले आहे, हे या दोन आकड्यांत दिसते. ग्रामीण भागात दुधावरही इतका खर्च होत नाही.

चहाचाही हिशेब मोठा आहे. घरी, शेतात, टपरीवर, कुणाच्या दारी गेल्यावर, असा दिवसाचा पाच-सहा कप चहा अनेकांचा होतो. कपात दोन चमचे साखर धरली तरी दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहावे असे सुचवते. आणि चहा नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे, ही समजूत असल्याने तो कमी करणे अवघड जाते.

कष्टांची नवी वाटणी

नांगरणी, पेरणी, मळणी यंत्राने होऊ लागली. दळण गिरणीवर, वाटण मिक्सरमध्ये, पाणी नळाला किंवा बोअरला. दोन किलोमीटरवरचे शेतही मोटरसायकलवर. ही सुटका हवीच होती आणि तिच्यात बायांच्या कंबरेचा आणि पुरुषांच्या पाठीचा मोठा दिलासा आहे. मात्र कष्टाच्या काळातला आहार तसाच राहिला. नांगर धरणाऱ्या बापाइतक्याच पोळ्या दुकानात बसणारा मुलगा खातो.

कष्ट सगळ्यांचे सारखे कमी झालेले नाहीत. बटईने किंवा ठोक्याने शेत देऊन बुलढाणा, चिखली, खामगावात घर केलेला जमीनदार, शिक्षक, कंत्राटदार, अडत्या यांचे दिवस खुर्चीवर आणि गाडीवर जातात. संध्याकाळी ढाब्यावरची बैठक, मटण आणि दारू हे पुरुषांच्या मैत्रीचे आणि राजकारणाचे ठिकाण झाले आहे. उलट सालगडी, ऊसतोडीला जाणारे घाटावरचे मजूर आणि कापूस वेचणाऱ्या बाया यांचे शरीर अजून घामावर चालते. कापूस आजही हातानेच वेचला जातो. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांवर तर मुलांचे कुपोषण हीच मोठी चिंता आहे.

समाजशास्त्रात हा नमुना ओळखीचा आहे. जेफ्री सोबल आणि अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९८९ मध्ये १४४ अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले, की विकसनशील समाजात लठ्ठपणा वरच्या थरात अधिक असतो, तर श्रीमंत देशांत तो गरीब स्त्रियांकडे झुकतो. अमेरिकी अभ्यासक बॅरी पॉपकिन यांनी आहाराच्या या स्थित्यंतराला १९९० च्या दशकात सैद्धांतिक चौकट दिली. उत्पन्न वाढत जाते तसा लठ्ठपणाचा भार हळूहळू खालच्या थरांकडे सरकतो. पुण्या-मुंबईच्या सधन वर्गात सडपातळपणा, जिम आणि सेंद्रिय बाजरी आता प्रतिष्ठेची झाली आहे, तर स्वस्त तेल, मैदा आणि साखर कष्टकऱ्यांच्या वाट्याला येत आहे. बुलढाण्यासारखा जिल्हा या वळणाच्या मध्यावर उभा आहे.

बाईचे शरीर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पहिल्यांदाच कमरेचा घेर मोजला गेला. देशातल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या पोटावर घातक प्रमाणात चरबी आढळली. पुरुषांत हे प्रमाण १२ टक्के होते. इतका मोठा फरक निव्वळ शरीररचनेने पडत नाही.

घरातली बाई शेवटी जेवते. भाजी-वरण तोपर्यंत संपत आलेले असते आणि उरते ती पोळी आणि भात. वाया जाऊ नये म्हणून मुलांच्या ताटातले आणि रात्रीचे शिळेही तिच्याच पोटात जाते. अशा जेवणात पिष्ट भरपूर आणि प्रथिने-लोह तुटपुंजे असते, म्हणून एकाच बाईत रक्तक्षय आणि वाढलेले पोट सोबत दिसतात. बाळंतपणात डिंकाचे, मेथीचे लाडू, तूप आणि सव्वा महिन्याची विश्रांती दिली जाते. शेतात राबणाऱ्या आणि पाच-सहा बाळंतपणे सोसणाऱ्या बाईसाठी तो आधार होता. आता तो आहार टिकून आहे, पण नंतर परतायचे ते कष्ट राहिलेले नाहीत. वजन वाढले की ‘ऑपरेशन झाल्यापासून अंग सुटले’ असे सांगितले जाते. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया चरबी वाढवत नाही. ती होते तेव्हाच बाईचे वय, आहार आणि काम बदलत असते, एवढेच.

व्यायामाला तर वाटच नाही. पाळी सुरू झाली की मुलीचे मैदान सुटते. लग्नानंतर सुनेने एकटीने फिरायला जाणे अनेक गावांत अजून विचित्र मानले जाते. रस्त्यावर दिवे नाहीत, कुत्री आहेत, नजरा आहेत. घरकामच पुष्कळ झाले, असे तिला सांगितले जाते. पण ओट्यापाशी उभे राहून केलेले काम थकवते आणि तरी हृदयाला पुरेसा व्यायाम देत नाही. तिला स्वतःसाठी अर्धा तास मिळणे हा आरोग्याइतकाच हक्काचा प्रश्न आहे.

लहान मूल

गुटगुटीत बाळ हे घराचे भूषण. आजी-आजोबांच्या कौतुकात बाळशाला मोठे स्थान आहे. राज्यातल्या पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण याच सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १.९ टक्के होते, ते पाचवीत ४.१ टक्के झाले. आकडा लहान आहे, पण तो पाच वर्षांत दुपटीहून वाढला. अंगणवाडीची सारी यंत्रणा कमी वजनाचे मूल शोधण्यासाठी उभी राहिली. जास्त वजनाच्या मुलाच्या आईशी काय बोलायचे, याची तयारी सेविकेला तितकीच मिळायला हवी.

शाळकरी मुलांचा दिवस शाळेची गाडी, शिकवणी आणि मोबाइल यांत विभागला जातो. नोकरीच्या स्पर्धेमुळे नववी-दहावीनंतर खेळणे म्हणजे वेळ वाया घालवणे ठरते. दुसरीकडे पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी शेतकऱ्यांची मुले याच जिल्ह्यात आहेत. शरीराची कदर आहे, पण ती भरती संपेपर्यंतच टिकते. जाड मुलाला वर्गात पडणारी टोपणनावे त्याला मैदानापासून आणखी दूर ढकलतात. घरात कौतुक आणि शाळेत चेष्टा, अशा दुहेरी वागणुकीत ते मूल वाढते.

सण, उपवास, पंगत

अन्नदान ही या जिल्ह्याची मोठी परंपरा आहे. शेगावला संत गजानन महाराजांच्या समाधीला येणाऱ्या भाविकांना महाप्रसाद मिळतो. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला लाखोंना पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. गावोगाव हरिनाम सप्ताह, भंडारे, तेरव्या होतात. जातीपातीची ताटे एका पंगतीत आणण्याचे काम या अन्नदानाने केले आहे. त्याचे मोल आरोग्याच्या तराजूत मोजता येणार नाही. पण सणाचे गोडधोड वर्षातून मोजके दिवस असे तेव्हाचे गणित आणि बुंदी-जिलेबी आठवड्यात दोनदा मिळते तेव्हाचे गणित यांत फरक आहे. लग्नातल्या बुफेत तर पदार्थांची संख्या हेच यजमानाच्या ऐपतीचे माप झाले.

उपवासही बदलला. गुरुवार, चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे उपवास बायाच अधिक करतात. साबुदाणा, बटाटा, दाण्याचा कूट आणि तूप यांच्या खिचडीत पिष्ट आणि स्निग्धांश भरपूर, भाजी-डाळ नाही. पोटाला विश्रांती देण्याचा हेतू त्यात साधत नाही. भगर, राजगिरा, ताक, फळे हे उपवासाला चालणारे पदार्थ आहेत आणि ते परंपरेतलेच आहेत. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी पालखी दाखवते, की भक्ती आणि चालणे यांची सांगड इथे जुनी आहे.

किंमत कोण मोजतो

आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि ३९.५ टक्क्यांच्या पोटावर अतिरिक्त चरबी आढळली. खेड्यात हे आजार ‘शुगर’ आणि ‘बीपी’ म्हणून घरोघरी परिचयाचे झाले आहेत. महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, तालुक्याला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरावर कायमचा बोजा असतो. पैसा संपला की गोळी बंद होते आणि पुढे मूत्रपिंड, डोळे, पायाची जखम इथवर गोष्ट जाते.

सरकारने असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू केला. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी व्हावी, यासाठी आशा कार्यकर्ती घरोघर नोंदी करते आणि उपकेंद्रात रक्तदाब-साखर तपासली जाते. ही मोलाची सोय आहे. मात्र ‘वजन कमी करा, गोड-तेलकट सोडा’ एवढ्या सांगण्याने माणूस बदलत नाही, कारण त्याचे ताट त्याने एकट्याने ठरवलेले नसते. ही पोकळी झटपट वजन उतरवणाऱ्या पावडरी आणि काढे विकणारे भरून काढतात आणि लोकांचा पैसा व विश्वास दोन्ही जातात.

काय करता येईल

लठ्ठपणाला वैयक्तिक दोष मानणे अन्यायाचे आहे आणि त्याने उपयोगही होत नाही. कारणे जिथे आहेत, तिथे इलाज करावा लागेल. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले. ते प्रदर्शनांपुरते न राहता ज्वारीला हमीभावाने खात्रीची खरेदी आणि रेशन, अंगणवाडी, शालेय पोषण आहार यांत कायमची जागा मिळाली, तर शेतकरी ती पुन्हा पेरेल. कापसात तूर-मूग-चवळीच्या ओळी आणि परसात शेवगा-भाजीचा वाफा हे जुनेच मार्ग आहेत. बचत गटांना भाकरी, डाळी, फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू बसस्थानकांवर आणि शाळांजवळ विकण्याची जागा मिळाली, तर पुडीला स्वस्त पर्याय उभा राहील.

बाजारावर नियमही हवेत. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर कर बसवला; चिलीने २०१६ पासून जास्त साखर-मीठ-चरबीच्या पाकिटांवर ठळक काळा इशारा छापायला लावला. भारतात २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकायला बंदी आहे. ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीने मनावर घेतले, तर तिची अंमलबजावणी गावातच होऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर बदलला, तेव्हा गोड वायुयुक्त पेये ४० टक्क्यांच्या टप्प्यात राहिली, पण नमकीन, बिस्किटे आणि चॉकलेट ५ टक्क्यांवर आली. कर ठरवताना आरोग्याचा विचार सातत्याने होण्याची गरज यातून दिसते.

गावात दिवे असलेला चालण्याचा रस्ता, बायांसाठी ठरलेली वेळ, मुलींसाठी खुले मैदान यांना मोठा खर्च लागत नाही. सप्ताहाच्या आणि लग्नाच्या पंगतीत एक भाजी, एक डाळ आणि कोशिंबीर वाढवून एक तळण कमी करता येते. गजानन महाराजांच्या नैवेद्यात पिठले-भाकरीला मान आहेच. साध्या अन्नाचा तो आदर भंडाऱ्यांतही आणता येईल. घरात सगळ्यांनी सोबत बसून जेवले, तर भाजी-डाळीची वाटणी सारखी होते आणि बाईच्या वाट्याला उरलेले येत नाही. गरोदर बाईला पुरेसे प्रथिन आणि लोह मिळाले, तर तिच्या बाळाच्या चाळिशीतला मधुमेह काही अंशी आजच टळतो. कुपोषण आणि लठ्ठपणा यांचे मूळ एकाच ताटात आहे, म्हणून त्यांच्यासाठीचे काम दोन खात्यांत न विभागता एकत्र करावे लागेल. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत ज्वारी, डाळी, चालण्याची सवय आणि सामुदायिक पंगत हे सगळे अजून जिवंत आहे. ते टिकवायला आज लागणारा खर्च उद्याच्या औषधांहून पुष्कळ कमी आहे.